चित्रपोथी मिटल्यावर

चित्र पाहून मूल नुसतें गप्प बसलें, तर तें चित्र वायां गेलें असें मी आतां समजतों. पूर्वीं असें समजत नसें. तीसाहून अधिक वर्षें मीं प्राथमिक शाळेंत शिकविलें, आणि त्या सबंध काळांत चित्रकलेचा तास म्हणजे वर्गांत शांतता राखण्याचा एक सोयीस्कर उपाय, एवढीच माझी कल्पना होती. निवृत्तीनंतर घरांतील नातवंडांनीं ती कल्पना मोडून काढली. तें कसें घडलें हें सांगावें, आणि ज्या घरांत दोन-तीन भावांचीं मुलें एकत्र वाढत आहेत तेथील वडीलधाऱ्या मंडळींस त्याचा कांहीं उपयोग झाला तर पाहावा, या हेतूनें हें लिहीत आहें.

आमचें बिऱ्हाड बीडला. दोन मुलगे, दोन सुना आणि तीन ते आठ वर्षांचीं चार नातवंडें असा परिवार एका चुलीवर नांदतो. मागें एकदां धाकटी सूनबाई पुण्याहून येतांना मुलांसाठीं चित्रांचीं पुस्तकें घेऊन आली. पांच वर्षांच्या नातीला त्यांतला हत्ती फार आवडला. पुस्तक समोर उघडें ठेवून ती तो काढावयास बसली. सोंड जमेना. खोडलें, पुन्हां काढलें, पुन्हां खोडलें. शेवटीं कागदाला भोंक पडलें. मग पेन्सिल माझ्या हातांत देऊन म्हणाली, "अण्णा, मला येत नाहीं. तुम्हीच काढा." मीं मोठ्या हौसेनें हत्ती काढून दिला. घरांतल्या सर्वांनीं त्याची वाहवा केली. नातीनें मात्र त्या कागदाकडे पुन्हां वळून पाहिलें नाहीं, आणि पुढें आठ दिवस पेन्सिलीला हात लावला नाहीं.

त्या आठ दिवसांत मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. ती सांगतांना अजूनही संकोच वाटतो.

बालाघाटाच्या डोंगरावरील एका खेड्यांत मी तेव्हां शिक्षक होतों. आपल्या जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें ऊंसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात, हें या भागांतील वाचकांस ठाऊक आहेच. नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणावयाचें. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळें जाणें चुकत नाहीं. पुढें मागें राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं. त्या वेळीं मुलें बहुधा आईबापांबरोबरच जात आणि उन्हाळा लागल्यावर परत येत. असाच परत आलेला दुसरीतला एक मुलगा. चित्रकलेचा तास होता. मीं फळ्यावर नेहमींचें चित्र काढलें: दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, एक नदी, एक कौलारू घर आणि शेजारीं नारळाचें झाड. त्या वर्गांतील एकाही मुलानें नारळाचें झाड पाहिलेलें नव्हतें. त्यांस नारळ ठाऊक होता तो देवापुढें फोडावयाचा. तरी सर्वांनीं तें निमूटपणें उतरवून घेतलें. या मुलानें मात्र सबंध पान काळ्या खडूनें भरून टाकलें होतें आणि एका कोपऱ्यांत दोन पिवळे ठिपके दिले होते. "हें काय रे?" मीं विचारलें. तो म्हणाला, "रात हाय गुरुजी. गाडी आली." मीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. लाल शाईनें ‘नीट काढ’ असा शेरा मारला आणि फळ्याकडे बोट दाखविलें. पुढच्या तासापासून तो नीट काढूं लागला. दोन डोंगर, सूर्य, नदी, नारळ.

ऊंस न्यावयास मालमोटार फडांत रात्रीं-बेरात्रीं केव्हांही येते, आणि ती आली कीं झोंपेंतून उठून मोळ्या भराव्या लागतात, हें मला पुष्कळ उशिरा समजलें. कोपीच्या दारांतून त्या पोरानें पाहिलेले ते दोन दिवे होते. स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून आणि स्वतःच्या मनानें निवडून काढलेलें असें चित्र माझ्या पुढ्यांत क्वचितच येई. तें आलें, आणि मींच त्याच्यावर लाल रेघ ओढली.

आतां नातीच्या हत्तीकडे पाहतांना मला दिसूं लागलें कीं प्रकार तोच आहे. फळा गेला आणि त्याच्या जागीं सुंदर, गुळगुळीत, रंगीत पुस्तक आलें, एवढाच काय तो फरक. पुस्तकांतला हत्ती वर्षानुवर्षें हात घोटलेल्या चित्रकारानें काढलेला. पांच वर्षांच्या पोरीनें त्याची बरोबरी करावयाची आणि न जमल्यास आपणांस येत नाहीं असें ठरवून मोकळें व्हावयाचें! मग अशीं पुस्तकें मुलांच्या हातीं देऊंच नयेत काय?

याचें उत्तर मला शाकुंतलांत सांपडलें असें म्हटलें, तर विद्वान हंसतील. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य; परंतु संस्कृताची गोडी लहानपणीं लागली ती टिकून आहे. सहाव्या अंकांत दुष्यंतानें शकुंतलेचें चित्र आठवणीनें रंगविलें आहे. ज्यानें त्यानें तें पाहून थक्क व्हावें असें तें साधलेलें आहे. कवीला तेथें थांबतां आलें असतें. परंतु विदूषक विचारतो कीं, यांत आणखी काय काढावयाचें राहिलें आहे? आणि राजा सांगूं लागतो. मालिनी नदी, तिच्या वाळवंटांत हंसांचें जोडपें, हिमालयाच्या पायथ्याशीं विसावलेलीं हरणें, फांद्यांवर वल्कलें वाळत घातलेला एक वृक्ष, आणि त्याखालीं काळविटाच्या शिंगावर आपला डावा डोळा घाशीत उभी असलेली हरिणी. विदूषक मनांतल्या मनांत म्हणतो, हा आतां सबंध फलक लांब दाढ्यांच्या तापसांनीं भरून टाकणार! हा प्रसंग मीं कितीदां वाचला असेल, परंतु त्याचें मर्म ओसरीवर पोरांच्या घोळक्यांत बसल्यावर ध्यानांत आलें. चित्र नीट उतरलें आहे का, हा त्या विदूषकाचा प्रश्न नाहीं. काय राहिलें, हा आहे.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मीं तेंच हत्तीचें पुस्तक काढलें, सगळ्यांस वाचून दाखविलें, चित्रें सावकाश पाहूं दिलीं, आणि मग पुस्तक मिटून फडताळांत ठेवून दिलें. मुलांनीं थोडी कुरकुर केली. मीं विचारलें, "हा हत्ती पुस्तकांतून निसटून आपल्या बीडांत आला, तर कोठें जाईल?" एकदम चौघेंही बोलूं लागलीं. बिंदुसरेवर अंघोळीला जाईल. मंडईंतली सगळी मेथी खाईल. एस्. टी. च्या स्थानकावर रांगेंत उभा राहील, पण दारांतून आंत जाणार नाहीं. मीं कोरे कागद पुढें केले. नातीनें हत्तीला कंकालेश्वराच्या कुंडांत उतरविला. तें देऊळ चहूंकडून पाण्यानें वेढलेलें आहे. तेव्हां हत्तीची पाठ आणि वर केलेली सोंड एवढेंच पाण्याबाहेर, पाय काढण्याची कटकट नाहीं! सोंड नळासारखी सरळ झाली होती. त्याबद्दल तिला यत्किंचितही खंत नव्हती.

तेव्हांपासून आमच्या घरीं हा क्रम पडला आहे. पुस्तक उघडें ठेवून चित्र काढावयाचें नाहीं. आधीं पाहावयाचें, बोलावयाचें, मग मिटावयाचें. डोळ्यांत जें उरेल तें मुलाचें.

पुस्तकांची निवड हा मात्र विचार करण्याजोगा विषय आहे. आमच्या लहानपणीं चित्रें म्हणजे भिंतीवरच्या तसबिरी, दिनदर्शिकेवरचे देव आणि कोठें मिळालाच तर एखादा ‘चांदोबा’. त्याआधींच्या पिढीला तर मराठवाड्यांत तेवढेंही दुर्मिळ होतें. १९४८ पर्यंत आपण निजामी राज्यांत, आणि शाळांतून उर्दूचें प्राबल्य. आज मराठींत खरोखर चांगलीं चित्रपुस्तकें मिळतात. माधुरी पुरंदरे यांचीं पुस्तकें आमच्या घरांत विशेष चालतात. त्या लेखिकाही आहेत आणि चित्रकारही. त्यांचें चित्रकलेचें शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत झालें, आणि २०१४ सालीं साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांस मिळाला. त्यांच्या चित्रांतील माणसें आपल्या घरांत वावरणाऱ्या माणसांसारखीं असतात, हा त्यांचा मोठा गुण. ‘राधाचं घर’मध्यें एक लहान मुलगी आपल्या घरांतील एकेका माणसाची ओळख करून देते. तें वाचून झाल्यावर मीं सुचविलें कीं आपणही घरांतील माणसें काढूं, पण तोंडावळा काढावयाचा नाहीं. जो तो ज्यामुळें ओळखूं येतो तेवढेंच काढावयाचें. आजीच्या वाट्याला चष्मा आणि वातींचा डबा आला. थोरल्या मुलाच्या वाट्याला गाडीची किल्ली आणि ती शोधणारे हात. माझ्या वाट्याला एक उघडें वर्तमानपत्र व त्याखालून दिसणारे दोन पाय एवढेंच आलें. साम्य निर्विवाद होतें. त्यांच्याच ‘बाबांच्या मिश्या’मध्यें एका मुलीला आपल्या वडिलांच्या मिशीचें कोण कौतुक! त्या दिवशीं काळ्या कागदाच्या मिशा कापून मुलांनीं तांब्याला, शीतकपाटाला आणि झोंपलेल्या मांजरालाही लावून पाहिल्या. मांजराचें मत अनुकूल पडलें नाहीं.

पुण्यामुंबईबाहेर अशीं पुस्तकें हातीं लागणें कठीण, ही तक्रार खरी आहे. परंतु ‘प्रथम बुक्स’ या संस्थेनें २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’ या नांवानें पुष्कळ भाषांतील चित्रकथा संगणकावर विनामूल्य खुल्या केल्या आहेत. त्यांत मराठीही आहेत. आणि बालभारतीचें ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. माझी सूचना एवढीच कीं चित्रकथा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दाखवूं नये, कागदावर छापून घ्यावी. पडद्यावरचें चित्र बोटानें सरकून जातें. कागदाचें पान मूल धरून ठेवतें.

पुस्तक मिटण्याची युक्ति माझी आहे असा माझा समज होता. नंतर ध्यानांत आलें कीं ती आपल्या लोकांत पूर्वींपासूनच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी या गांवीं ठाकर समाजानें चित्रकथीची परंपरा आजवर सांभाळली आहे. त्या कामाबद्दल परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. या धर्तीच्या चित्रांस पैठण शैलीचीं चित्रें असेंही म्हणतात, तेव्हां नांवानें तरी तीं आपल्या गोदाकांठचीं आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत तसे नमुने आहेत. चित्रकथकाचा उल्लेख तर बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासां’तही येतो. एका आख्यानाची एक पोथी, आणि पोथी म्हणजे सुटीं, बांधणी नसलेलीं पानें. कथेकरी एक पान समोर धरतो, गातो, सांगतो. प्रसंग संपला कीं दुसरें उचलतो. पुढचें पान श्रोत्यांस दिसत नाहीं. राक्षस दारांत उभा राहिला. तो आंत शिरला कीं नाहीं, हें पुढचें पान येईपर्यंत ज्याचें त्यानें आपल्या मनांत काढावयाचें.

आम्हींही तसेंच करून पाहिलें. गोष्ट शेवटच्या पानापर्यंत आणावयाची आणि तेथें थांबावयाचें. "आतां पुढचें पान तुमचें." चौघांचीं चार पानें होतात, मग पुस्तकांतलें पाहावयाचें. गंमत अशी कीं पुस्तकांतला शेवट पाहून कोणीही आपला शेवट बदलीत नाहीं. एकदां थोरल्या नातवानें पुस्तकांतल्या चित्रकाराविषयीं अभिप्राय दिला, "याला सुचलें नसेल."

आणि खुद्द आपल्या जिल्ह्यांत, अंबाजोगाईस, दासोपंतांची पासोडी आहे. पंचीकरणासारखा गहन विषय त्यांनीं सुमारें चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर लिहिला, आणि ओंव्यांच्या जोडीला आकृती काढल्या. सोळाव्या शतकांतल्या पंडितालाही नुसत्या अक्षरांवर भागलें नाहीं, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. मुलांना ही हकीगत सांगितल्यावर तीं स्वस्थ बसणार थोडींच! माझ्या कैलासवासी आईचें, धुवून धुवून पांढुरकें झालेलें एक नऊवारी पातळ ट्रंकेंत होतें. तें द्यावें कीं नाहीं, याचा मी दोन दिवस विचार केला. मग ओसरीभर तें अंथरलें, आणि चौघांनीं चार ठिकाणांहून एकच गोष्ट काढावयास आरंभ केला. मध्यभागीं गांठ पडेपर्यंत कोणाची नदी कोणाच्या घरांतून वाहूं लागली होती. भांडण झालें, मग त्या घराखालीं पूल बांधण्यांत आला.

साहित्याविषयीं थोडें. रंगांच्या पेट्या महाग असतात आणि चार मुलांत एक पेटी म्हणजे कलहाचें मूळ. आमच्याकडे गेरू, हळद, नीळ, कोळसा आणि चुना यांवर काम चालतें. रात्रभर भिजविलेला बाभळीचा डिंक त्यांत घातला म्हणजे रंग कागदाला धरतो. हळदींत चुन्याची निवळी पडली कीं ती पाहतां पाहतां तांबडी होते. आपलें कुंकू याच गुणावर होई. हा चमत्कार मुलें कितीदांही पाहतील. परंतु चुना मोठ्या माणसानेंच हाताळावा, डोळ्यांत गेल्यास फार वाईट. कडुनिंबाची काडी ठेंचून तिचा कुंचला होतो, भेंडी आडवी कापली कीं फुलाचा ठसा होतो. कागद म्हणजे गेल्या वर्षाच्या दिनदर्शिकेच्या पाठी आणि लग्नपत्रिका. त्यांचा आपल्याकडे तुटवडा नाहीं. पोळ्याच्या सुमारास काळ्या मातीचे बैल होतातच. आजीनें आरंभीं एकच अट घातली होती, देवघरांतल्या हळदीच्या करंड्याला हात लावावयाचा नाहीं. ती अट दोनदां मोडली गेली आहे.

यांत हिणकस कांहीं नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जें बालशिक्षण चालविलें, तें शंखशिंपले, बिया, पानें आणि खडे यांवरच. परदेशी शिक्षणसाहित्याचे आकार आणि हेतु त्यांनीं घेतले, वस्तु मात्र अंगणांतल्या. आणि त्याच डहाणू तालुक्यांत वारली स्त्रिया गेरूच्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें लग्नाचा चौक लिहीत आल्या आहेत.

परक्या देशांतही आमच्यासारखा एक आजोबा होऊन गेला. लिओ लिओनी त्याचें नांव. आगगाडीच्या प्रवासांत दोन नातवंडें दंगा करूं लागलीं, तेव्हां त्यानें हातांतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकाचें पान फाडून निळे, पिवळे व हिरवे तुकडे केले आणि त्यांची गोष्ट रचली. निळा आणि पिवळा हे मित्र एकमेकांस कडकडून भेटतात आणि हिरवे होतात. ‘लिट्ल ब्लू अँड लिट्ल यलो’ हें त्याचें पुस्तक १९५९ सालीं निघालें. फाटलेल्या तुकड्यांस ना डोळे, ना तोंड. तरी कोण कोणाची आई हें तीन वर्षांच्या मुलालाही कळतें. आमच्या धाकट्या नातवाला हत्ती येत नाहीं, माणूस येत नाहीं. परंतु कागद फाडणें उत्तम येतें. त्या दिवशीं तो सर्वांत पुढें होता.

उलट, छापील आकृतींत रंग भरावयाचीं जीं पुस्तकें वाढदिवसाला आणि मुंजीला भेट म्हणून येतात, त्यांचा मला मनापासून कंटाळा आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकानें १९४७ च्या आपल्या ग्रंथांत त्यांवर कडक टीका केली, ती योग्यच होती. रेघेबाहेर रंग गेला नाहीं म्हणून शाबासकी मिळवावयाची, यांत मुलाचें काय? तथापि नक्कल सर्वस्वीं वाईट असेंही मी म्हणणार नाहीं. आठ वर्षांच्या मुलाला आपला बैल बैलासारखाच दिसावा असें वाटूं लागतें, आणि तें वाटणें खरें असतें. तो जर विचारूं लागला कीं पुस्तकांतल्या चित्रकारानें शिंगें कशी वळविलीं, तर पुस्तक पुन्हां उघडावें, आणि मग गोठ्यांतला खरा बैल दाखवावा. पिंगुळीच्या मुलांनीं वडिलांचें पाहून पाहूनच हात घडविला असेल. नक्कल मुलानें मागितलेली असावी, आपण लादलेली नसावी. इतका फरक मी करतों.

एकत्र कुटुंबांत खरी अडचण वेगळीच असते. चित्र काढून होतें न होतें तोंच घरांतलीं सहा-सात मोठीं माणसें त्याभोवतीं जमतात. "हें काय काढलेंस?" "गाईला पांच पाय?" "दादाचें बघ कसें सुंदर आहे!" यांतील शेवटचें वाक्य सर्वांत घातक, चुलत भावंडांत तें दिवसांतून दहा वेळां उच्चारलें जातें, आणि उच्चारणाऱ्याच्या मनांत कांहीं वाईट नसतें. आमच्या घरीं आम्हीं असें ठरविलें आहे कीं चित्राला एकच प्रश्न विचारावयाचा: "यांत काय चाललें आहे?" मूल जें सांगेल तें त्याच्याच शब्दांत कागदाखालीं लिहून ठेवावयाचें. गाईच्या पांचव्या पायाविषयीं अशी चौकशी केली, तेव्हां ती शेपूट असून माशी हांकलीत आहे असें निष्पन्न झालें.

मागच्या महिन्यांत काळोखाच्या गोष्टीचें एक पुस्तक वाचून झाल्यावर तीन वर्षांच्या धाकट्यानें कोळसा घेतला आणि सबंध कागद काळा केला. हात, सदरा, फरशी, सर्व काळें. मीं विचारलें, "यांत काय चाललें आहे?"

"लाईट गेली."

"मग तूं कोठें आहेस?"

त्यानें काळ्यांत काळें असें एक ठिकाण बोटानें दाबून दाखविलें. "इथें. आजीजवळ."

तेवढें मीं खालीं लिहिलें. तो कागद ओसरीच्या भिंतीवर खळीनें चिकटविला आहे. दिवाळीपूर्वीं भिंतींना रंग द्यावयाचा आहे, तेव्हां तो न फाटतां काढावा कसा, याविषयीं घरांत सध्यां खल चालू आहे. थोरल्या सूनबाईचें म्हणणें असें कीं, तेवढी भिंत यंदां राहूं द्यावी.